जर्मन पाहुणा आणि बेंगळूरची झाकणं

परदेशी माणूस आला की आपण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. त्याला काय आवडलं, काय खटकलं, नाक कुठे मुरडलं, याची काळजी त्याच्यापेक्षा आपल्यालाच जास्त. फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, जर्मनीहून एक जण ऑडिटला आला. त्याला बेंगळूरला उतरवून घ्यायचं, थोडं शहर दाखवायचं आणि रेल्वेने बेळगावला घेऊन यायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर क्वालिटीमध्ये असल्यामुळे मला बोलण्यापुरतं इंग्रजी येतं आणि कन्नडही येतं. परत आल्यापासून कँटीनमध्ये, गल्लीत, घरी एकच प्रश्न : "साहेब काय म्हणालं गा बेंगळूर बघून?" प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून लिहून टाकतो.

आयटीचं आधी सांगून मोकळा होतो, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. आयटीबद्दल त्याने चकार शब्द विचारला नाही. गायींबद्दलही नाही.

नाव लिहीत नाही, पाहुणाच म्हणतो. साठीकडे झुकलेला, उंच, गुडघ्याला पट्टा बांधलेला. सोळाव्या वर्षी ओतशाळेत उमेदवारीला लागला आणि आयुष्य वाळू, बीड (ओतीव लोखंड) आणि भट्टी यांतच गेलं. आम्ही त्यांच्या कंपनीसाठी पंपाच्या केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, ओततो, त्या तपासायला आला होता. हे सांगायचं कारण, त्याने बेंगळूर बघितलं ते याच डोळ्यांनी.

विमान मध्यरात्रीनंतरचं. देवनहळ्ळीच्या विमानतळाचं दुसरं टर्मिनल ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : आत सगळीकडे बांबूचं काम, छतातून खाली सोडलेली हिरवी झाडं. मी पाटी धरून उभा. हा बाहेर आला, माझ्याशी हात मिळवला आणि वळून परत वर बांबूकडे बघत म्हणाला, "छान आहे. खरं आग लागली तर?" ('खरं' माझं, त्याचं नव्हे. बेळगावच्या माणसाला 'पण' म्हणायला जड जातं.) मी म्हटलं, आगीचा विचार करूनच केला असणार. त्याने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

हेब्बाळच्या बाजूने शहरात शिरताना माझा जीव थोडा वर-खाली होत होता. आता हा कचरा बघणार, कुत्री बघणार. रात्री अवजड गाड्या सुटतात तेव्हाची वेळ होती. टिपर, काँक्रीटचे गरगर फिरणारे मिक्सर, सळ्या लादलेले ट्रेलर, मधेच मेट्रोच्या खांबांची पिवळ्या दिव्यांतली कामं. पाहुणा खिडकीला नाक लावून मिक्सर मोजत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "हे शहर अजून साच्यात ओतणं चालू आहे. याला आता हात लावून बघण्यात अर्थ नाही." मला आवडलं ते. नाहीतर बेंगळूरला गेलेला आमचा प्रत्येक माणूस परत येऊन 'पूर्वी कसं होतं' हेच सांगतो.

बसवनगुडीत गांधी बाजाराजवळ एका गेस्ट हाउसात उतरलो होतो. सकाळी चालत निघालो, आणि पाहुणा मान खाली घालून चालू लागला. मला वाटलं गुडघा दुखतोय. तसा फूटपाथ त्या गुडघ्याला मानवणारा नव्हताच : गटारीवर टाकलेल्या दगडी फरशा, त्यांतली एखादी डुगडुगणारी, मधेच ट्रान्सफॉर्मर, मधेच झाडाच्या मुळाने वर उचललेला भाग, आणि प्रत्येक गेटपाशी एक पायरी खाली, एक वर. पण तो बघत होता झाकणं. मॅनहोलची. कुठे बिडाचं, कुठे सिमेंटचं, कुठे फायबरचं. बिडाचं दिसलं की थांबायचा, वाकायचा, मोबाइलने फोटो घ्यायचा, बुटाने दाबून बघायचा. एक झाकण चौकटीत अगदी चपखल बसलेलं होतं. त्याच्यावर तो खूश. दुसरं गाडी गेली की खणखणायचं, त्याच्यापुढे उभा राहून त्याने मला कारण सांगितलं : बसायची कड मशीनिंग न करता तशीच दिलीय, तीन ठिकाणी टेकतं, चौथ्या ठिकाणी हवा. रस्त्यात उभं राहून आम्ही दोघं एका झाकणावर चर्चा करतोय, हे बघून लुंगी नेसलेले एक अज्जा गेटातून बाहेर आले. आम्ही कुठल्या तरी खात्याचे आहोत अशी त्यांची समजूत झाली. "आमच्या दारापुढचंही बघा, पावसाळ्यात पाणी वर येतं." पाहुण्याने तेही बघितलं. फोटोही घेतला. अज्जांनी फोन नंबर मागितला तेव्हा मात्र मी त्याला पुढे ढकललं.

नाश्त्याला दर्शिनीत नेलं. बेळगावकरांना सवय बसून खायची. बेंगळूरला उभं राहून खातात. ही उभ्याने खायची स्वच्छ, स्वस्त हॉटेलं १९८० च्या दशकात जयनगर भागातून सुरू झाली आणि आता कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. पैसे द्यायचे, कूपन घ्यायचं, काउंटरवर ठेवायचं. पाहुण्याने खिशातलं सुटं पाकिटात ठेवेपर्यंत इडली-वडा समोर. तो चक्रावला. मग त्याने खाणं बाजूला ठेवलं आणि मनगटावरच्या घड्याळात दुसऱ्या गिऱ्हाइकांची कूपनं मोजायला लागला. कूपन ठेवल्यापासून बशी येईपर्यंत मिनिटही जात नव्हतं. सांबार वेगळं की वर ओतून, चटणी जास्त, वडा कडक, एकाच्या इडलीवर तूप : हे सगळं तोंडी. कागद नाही, स्क्रीन नाही, चूक नाही. "यांचा सायकल टाइम, एका नगाला लागणारा वेळ, कोण ठरवतं?" मी म्हटलं, भूक. तो हसला नाही. खरंच विचारत होता.

डोशाच्या तव्यावरचा पोरगा हे त्याचं दुसरं दैवत. तव्यावर पाणी मारायचं, खराट्याने झाडायचं, बारा डोसे ओळीत घालायचे, पहिला उलगडेपर्यंत शेवटचा घातलेला. पाहुणा म्हणाला, याच्या मनगटाला तव्याचं तापमान कळतं, आमच्याकडच्या जुन्या भट्टीवाल्यांना रंगावरून कळायचं तसं. आमच्याकडेही अजून एक आहेत तसे, पायरोमीटरच्या, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायच्या यंत्राच्या, आधी आकडा सांगतात. ते बेळगावला दाखवतो म्हटलं.

कॉफी मी 'बाय-टू' मागवली. एक कॉफी दोन पेल्यांत. दोन कमावत्या पुरुषांनी एक कॉफी वाटून घ्यायची, हे त्याला आधी कंजूसपणाचं वाटलं असावं. मग दिवसभर दर तासाला तोच म्हणायचा, बाय-टू. एकूण कॉफी कमी झाली नाही, फक्त थांबणं वाढलं.

लालबागेत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. हैदर अलीने १७६० मध्ये ही बाग सुरू केली, टिपूने वाढवली, हे मी पाठ करून गेलो होतो. पण त्याचं लक्ष आधी खडकावर. लालबागेतला तो उघडा खडक तीन अब्ज वर्षांच्या आसपासचा, त्यावर केंपेगौडाचा छोटा बुरूज. लोक त्यावर बसून शेंगा खातात. पाहुणाही बसला, शेंगा खाल्ल्या, टरफलं खिशात घातली.

मग काचघर. १८८९ मध्ये पायाभरणी झालेलं. प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला तिथे फुलांचं प्रदर्शन असतं तेव्हा आत मुंगीला जागा नसते. त्या दिवशी मोकळं होतं. त्याचं बीडकाम ग्लासगोच्या सारासेन फाउंड्रीतून आलेलं. हे मी सांगितलं मात्र, पाहुण्याने चष्मा बदलला. एकेका खांबाला बोटाने टकटक, रंगाचे थर कुठे सोललेत ते शोधणं, आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ हुडकणं. एका खांबावर सापडली. मला हाक मारली ती अशी, की दोन कॉलेजच्या पोरींनी सेल्फी सोडून वळून बघितलं. सव्वाशेहून जास्त पावसाळे खाऊन हे बीड उभं कसं, यावर आमचं बोलणं रंगलं. ओतलेल्या बिडाला वाळूला लागून एक कडक कातडी येते, ती तासून काढली नाही तर गंज लवकर आत शिरत नाही. आमच्याकडच्या पोरांना हे पुस्तकात वाचून सांगावं लागतं, इथे समोर उभं होतं. पुढच्या बॅचच्या ट्रेनींना बेंगळूरला मॉलऐवजी इथे आणायचं, हे मी तिथेच ठरवून टाकलं. (मालकांना अजून सांगितलेलं नाही.)

त्याला खरा धक्का बसला तो झाडांचा. टॅबेबुया फुललेले दिवस, पानं कमी आणि गुलाबी फुलंच फुलं, खाली रस्ता गुलाबी. जर्मनीत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून तो विमानतळावर गेला होता. त्याने विचारलं, ही झाडं आपोआप अशी? मी म्हटलं, तुमच्याच माणसाचं काम आहे. गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल. ड्रेस्डेनजवळ १८६५ चा जन्म. १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या बागा सांभाळायला आला, १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात, लालबागेत. बेंगळूरच्या रस्त्यांवर झाडं अशी निवडली की एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा लागतो, वर्षभर कुठला तरी रस्ता फुललेला. १९५६ मध्ये इथेच वारला. लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे. पाहुण्याने हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. त्याने लगेच बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट होती, ती वैतागली असणार, पण फुलं बघून उठून बसली. मला तिला हात करायला लावला. मी सयाजीरावांचं दोनदा सांगितलं. माणूस कुणी आणला, हे सांगायला नको?

संध्याकाळी के. आर. मार्केटच्या फुलबाजारात. चिखल, वास, पोत्यांच्या पोती शेवंती, डोक्यावर ओझी घेऊन 'सैडु, सैडु' (बाजूला व्हा) करत धावणारे हमाल. इथे पाहुण्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. माळा विकणाऱ्या बायका मोगरा हातावर मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक 'मोळ'. भाव मोळावर. पाहुणा दोन बायकांच्या मधे उभा राहून एकदा हिचा हात, एकदा तिचा हात. मग खिशातून टेप काढला. मी म्हटलं, नको. ऐकला नाही. बायकांना गंमत वाटली, हात पुढे केले. चांगला तीन बोटांचा फरक निघाला, आणि भाव दोघींचा एकच! "हे गेज कॅलिब्रेट कोण करतं?" म्हणजे हे माप बरोबर आहे का, ते कोण तपासतं. मी ते जमेल तसं कन्नडमध्ये विचारलं. लहान हाताची बाई म्हणाली, हात देवाने दिलाय, त्याला विचार, आणि शेवटी मी वरती चार बोटं जास्त सोडते ते याने मोजलं का? त्याने परत मोजलं. खरंच सोडत होती. फरक जवळपास भरून निघत होता. त्याने माळ घेतली, आणि तिने मला विचारलं, "नीवु हुब्बळ्ळि कडेयवरा?" तुम्ही हुबळीकडचे का? माझ्या कन्नडमधल्या उत्तर कर्नाटकी 'री'वरून बेंगळूरला कुणीही ओळखतं. हुबळी नव्हे, बेळगाव, म्हटलं. तिला दोन्ही सारखंच.

ट्रॅफिकबद्दल फार नाही. तासभर अडकलो एकदा. तो म्हणाला, कोणी रागावलेलं दिसत नाही, आणि झोपला. रस्ता ओलांडताना मी त्याचा हात धरायचो, पहिल्यांदा दचकला, मग स्वतःच हात पुढे करू लागला.

मेट्रोने मल्लेश्वरला गेलो ते माझ्या हौसेने. काडु मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजांच्या काळातलं. सतराव्या शतकात बेंगळूर शहाजीराजांकडे जहागीर होतं, हे आमच्या इकडे शाळेतली पोरं सांगतील, पण देवळासमोर उभं राहून सांगण्यात वेगळी मजा. १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांना दिलं. पाहुण्याने विचारलं, "चौरस मीटरला किती पडले?" इतिहासाचा एवढाच भाग त्याच्या डोक्यात राहिला. बेळगावला मालकांनाही त्याने तोच आकडा सांगितला.

त्या रात्री गेस्ट हाउसवर जे झालं त्याला मी या सगळ्यात वरचा नंबर देतो. नळ सोडताना त्याने सहज विचारलं, या शहराला पाणी कुठून? नदी तर दिसली नाही. मी म्हटलं कावेरीचं. किती लांब? शंभरेक किलोमीटर. आणि उंची? हे पठार समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, म्हणजे तोरेकाडनहळ्ळीच्या पंपिंग स्टेशनहून पाणी टप्प्याटप्प्याने सुमारे ५०० मीटर वर चढवावं लागतं. १९७४ पासून चाललंय, एकावर एक योजना. तो नळ बंद करून खुर्चीवर बसला आणि वही काढली. एक घनमीटर पाणी, ५०० मीटर, निव्वळ गणिताने १.३६ युनिट वीज. पंप, मोटार, पाइपातली तूट धरली की दोनच्या आसपास. म्हणजे हजार लिटरला दोन युनिट, नळाला येण्याआधीच. मग शहराची लोकसंख्या विचारली, ती मी 'कोटीच्या वर' एवढीच सांगितली, आणि तो बराच वेळ शून्यं मांडत बसला. शेवटी म्हणाला, "म्हणजे हे शहर आपल्या केसिंगवर उभं आहे." आपल्या म्हणजे आमच्याच असं नव्हे, पंपाच्या. तरी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉवर सोडून त्याने बादली मागितली.

विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची इमारत, बाहेरून बघितलं, १९५६ चं, दगडी, भव्य. फोटो काढले, पुढे गेलो.

रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. सकाळी जाग आली तेव्हा झाडी सुरू झालेली, लोंढा, मग खानापूर. तो वरच्या बर्थवरून गुडघा सांभाळत उतरला त्याची एक वेगळी गोष्ट होईल. बेळगाव स्टेशनवर उतरून त्याने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, इथे काँक्रीटचा वास नाही. थांब म्हटलं, बायपासचं काम बघ.

दुपारी घरी जेवायला. आईला राहवलं नाही. "विचार की त्याला, बेंगळूर बरं की आमचं बेळगाव बरं?" मी जरा गोल करून विचारलं. पाहुणा कुंदा खात होता, तोंड पुसून म्हणाला, बेळगाव, इथे फूटपाथच नाही, त्यामुळे चढउतार करावी लागत नाही. आईला मी पहिला शब्द तेवढा सांगितला.

ऑडिट झालं. चार केसिंगमध्ये त्याने ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेने पडलेली भोकं, शोधून काढली, बाकी माल पास. आमच्या भट्टीवाल्या मामांनी रंग बघून तापमान सांगितलं, पाहुण्याने पायरोमीटर लावला, दहा अंशांचा फरक. त्याने मामांबरोबर फोटो काढून घेतला. हायवेला हलग्याजवळून जाताना सुवर्णसौध दिसलं. "हे तेच का?" नाही म्हटलं, हे आमचं, २०१२ चं. हिवाळ्यात थोडे दिवस अधिवेशन भरतं. "आणि उरलेलं वर्ष?" मी ड्रायव्हरला चहाला थांबायला सांगितलं.

गेल्या आठवड्यात त्याचा रिपोर्ट आला. वर लिहिलंय, 'आमचे बेंगळूरचे पुरवठादार'. मालक हसले, मला नाही हसू आलं. मी मेल लिहिला : बेंगळूर इथून ५०० किलोमीटर, पुणे साडेतीनशेच्या आत, कोल्हापूर दोन तासांवर, आणि विमानतळच पाहिजे असेल तर गोव्यात मोपा आहे, २०२३ पासून. एवढं लांबून आम्हाला का ओळखता? उत्तर लगेच आलं. त्यांच्या सिस्टिममध्ये एकच रकाना आहे, मोठ्या शहराचा, त्यात तो काही करू शकत नाही. मोपाची माहिती उपयोगाची आहे, पण पुढच्या फेब्रुवारीत तो बेंगळूरवरूनच येणार, बायकोला घेऊन, तिला झाडं बघायचीत. चन्नम्माची तिकिटं मी आत्ताच काढू शकतो का? दोन्ही बर्थ खालचे.

आत्ताच कसली, रेल्वे ६० दिवस आधीच खिडकी उघडते, हे त्याला अजून कळवायचंय.